हिरावहिनीचा शिंगल

शेवटची मालगाडी गेली तेव्हा मी तिच्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. ती शेवटची आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. खाणीतला दगड भरून खाडीकडे जायचं आणि रिकामं होऊन परत यायचं, हा तिचा रोजचा धंदा. आम्ही फाटकाला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये राहणारी माणसं, आम्हाला तिचं कसलं कौतुक! मी ओटीवर बसून निवट्यांची मासळी साफ करत होते, एवढंच आठवतं. बंदराच्या बांधाला लागणारा दगड पुरा झाला, असं मागाहून कळलं. गाडी गेली ती गेली. रूळ राहिले, फाटकाची साखळी राहिली, फाटकाच्या दोन अंगांना दोन सिग्नल राहिले आणि आमचे बाबा राहिले. बाबा त्या फाटकाचे गेटमन. रुळांखाली आमची भाताची शेतं गेली, त्यांच्या बदल्यात मिळालेली ही नोकरी. गाडी बंद झाल्याचा हुकूम वर कुठेतरी निघाला असणार, पण गेटमन बंद झाल्याचा हुकूम काही आमच्यापर्यंत आला नाही. बाबा रोज सकाळी खाकी शर्ट घालून केबिनमध्ये बसायचे, खटक्याला ग्रीस लावायचे, दिव्यांच्या काचा पुसायचे. आई म्हणायची, "गारी नय तं नय, पन काचा बग कशा चमकतान."

आताच्या पोरांना सिग्नल म्हटलं की लाल-हिरवे दिवे दिसतात. आमचा सिग्नल म्हणजे उंच लोखंडी खांब, वर चढायला अरुंद शिडी, आणि टोकाला एक लाल हात. हात आडवा असला की थांबायचं, खाली झुकला की यायचं. केबिनमधला खटका, म्हणजे माझ्या खांद्याएवढा उंच लोखंडी दांडा, ओढला की जमिनीलगतची तार कप्प्यांवरून खर्र करत पळायची आणि तिकडे लांब तो हात खाड्कन खाली यायचा. गावात त्याला कुणी सिग्नल म्हणत नसे. शिंगल. तो झुकला की शिंगल परला. दुपारी सगळं सामसूम झालं, मिठागरावरची माणसंसुद्धा जेवायला बसली, की वाऱ्यानं ती तार उगीचच किणकिण करायची. मला तो आवाज फार आवडायचा. वाशीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर कित्येक महिने मला दुपारची झोप लागत नव्हती, ती त्या आवाजावाचून.

तर, गाडी नसलेला तो शिंगल कामाला लागला तो माझ्या धाकट्या आत्यामुळे. आमच्या गावाच्या दोन्ही बाजूंना खाजण आणि मिठागरं. फाटकातून जाणारा एसटीचा रस्ता लांबच्या वळशाचा, जवळची कोरडी वाट एकच, रुळांचा भराव. गाडी बंद झाल्यावर सगळं गाव त्या भरावावरूनच ये-जा करायला लागलं. नवऱ्या मुलींची पाठवणीही तिथूनच, पार डांबरी रस्त्याला टेम्पो उभा असायचा तिथपर्यंत. आत्या निघाली ती फाटकापाशी येऊन अडली. रडून रडून तिचं तोंड सुजलं, पाऊल काही पुढे पडेना. धवळारीण, म्हणजे आमच्याकडे लग्न लावणारी आणि लग्नाची गाणी म्हणणारी बाई, गाऊन गाऊन थकली. तेव्हा बाबा उठले, रस्त्यावर साखळी लावली, केबिनमध्ये गेले आणि खटका ओढला. हात झुकला. बाबा खिडकीतून ओरडले, "शिंगल परला गो बाय, आता निंग. गारी लेट होल." आत्या रडता रडता हसली आणि चालू लागली. पुढच्याच वर्षी तिला मुलगा झाला, नवरा कारखान्यात परमनंट झाला, आणि गावानं दोन्हींचं श्रेय शिंगलाला दिलं. त्यानंतर आमच्या गावची एकही मुलगी शिंगल पडल्याशिवाय सासरी गेली नाही. साखळी लागायची, उरणहून येणारी एसटी साखळीपाशी थांबायची, ड्रायव्हर बिडी काढायचा, आणि रुळांवरून नवरी जायची. कुणी बाबांना विचारलं, गाडी नाही तर फाटक का बंद करतोस, तर बाबा म्हणायचे, "नवरी हीच गारी." खटका ओढणाऱ्याला नवरीकडून नारळ मिळायचा. आमच्या घरात नारळाला तोटा नव्हता, पण तो नारळ बाबा कालवणात घालू देत नसत, तो देवापुढे ठेवत.

तो खटका मला हवा होता. शाळेत जाता-येता मी केबिनमध्ये डोकावायची, दांड्याला लोंबकळायची. तो बोटभरही हलायचा नाही. बाबा हसायचे. "हात जरा भरूं दे. मंग खटका तुजाच." बाबांनी शब्द दिला म्हणजे दिला, असं मी धरून चालले. मी घागरी उचलायला लागले, आईच्या हातून मुसळ घ्यायला लागले. आई आपली खूश, पोर कामाला लागली म्हणून! मी दंड भरवत होते.

आणि मग दादाचं लग्न ठरलं. दादा तुर्भ्याला एका कारखान्यात लागला होता, तिथेच खोली करून राहायचा आणि रविवारी घरी यायचा. मुलगी मोरा बंदराच्या पलीकडच्या मिठागरातली, नाव हिरा. आई-बाप दोघं मिठागरावर राबणारे, आणि ही लहानपणापासून त्यांच्याबरोबर मीठ ओढलेली. लग्न तिच्या गावी लागलं आणि संध्याकाळी आम्ही तिला घेऊन भरावावरून घरी निघालो. करवली म्हणून मी तिच्यामागे, हातात कऱ्हा, अंगावर नवं परकर-पोलकं. सगळे माझ्याकडे बघणार अशी माझी समजूत. फाटक जवळ आलं आणि समोरचा शिंगल पडला. मी जागच्या जागी थिजले. हा दुसरा शिंगल होता, बाहेरून गावात येणाऱ्या गाडीचा. तो आजवर कुणासाठीच पडला नव्हता. शिंगल हा लेकींचा मान होता. सुना आपल्या येतात, चालत, त्यांना कोण विचारतो? पण बाबा लग्न लागल्याबरोबर पुढे धावत आले होते, गंजलेल्या कप्प्यांना आठवडाभर आधी तेल पाजून ठेवलं होतं, आणि घरात कुणाला बोलले नव्हते. हिरावहिनीनं मान वर करून पाहिलं आणि खळखळून हसली. नव्या नवरीनं असं हसायचं असतं का? मी आईकडे पाहिलं. आई पण हसत होती. माझ्या हातातलं पाणी हिंदकळून नव्या परकरावर सांडलं.

त्या दिवसापासून मी जळायला लागले ते जळायला लागले. आणि मी हे लाजत सांगत नाहीये. दुसऱ्याच्या पानातलं मोठं भाकरीचं चतकोर ज्यांना कधी दिसलंच नाही, अशी माणसं असतील जगात, मी त्यांतली नाही. दादा आठवड्यातून एक दिवस घरी, म्हणजे वहिनी सहा दिवस आमचीच. सकाळी उठावं तर हिनं सडा घातलेला, चूल पेटवलेली. तिच्या हाताला चव होती. जवळ्याचं सुकं ती नुसत्या चिंचेच्या कोळावर असं करायची की बाबा एक भाकरी जास्त मागायचे. चिंबोरीचा रस्सा केला की ताट पुसून घ्यायचे. एकदा बाबा म्हणाले, "माज्या आयशीच्या हाताची चव हाय हिच्या हाताला." आजी गेल्यावर तिच्या चवीचं नाव बाबांनी आईसमोरही कधी काढलं नव्हतं. मी म्हटलं, मीठ जास्त झालंय. वहिनी म्हणाली, "मिठागरातली हाय मी, मीठ जास्तच परनार," आणि पुन्हा ते हसणं. सगळे हसले. मी ताटावरून उठले, आणि उपाशी झोपले ते वर.

तिनं केबिनचाही उंबरा ओलांडला. बाबांना चहा द्यायला जायची ती तिथेच बसायची. काचा पुसायची, तारेचे कप्पे मोजून तेल घालायची. बाबा तिला गाडीच्या गोष्टी सांगायचे, त्याच ज्या मला सांगून झाल्या होत्या. खिडकीतून त्यांचे आवाज यायचे आणि मी ओटीवर तांदूळ निवडत बसायची. सुपातले खडे कमी आणि मनातले जास्त.

माझी मैत्रीण सुमन. शेजारच्या आळीतली, शाळेत एका बाकावरची. तिची पाठवणी आली तेव्हा मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, बाबा, हात भरलेत. बाबांनी माझे दंड चाचपले, खोटं खोटं घाबरले आणि म्हणाले, "चल." सुमन रुळांवर उभी, मागे सगळं गाव, साखळीपलीकडे एसटी. मी खटका धरला, डोळे मिटले आणि ओढला. तार खर्र करत निघाली आणि मध्येच अडली. मी जीव खाऊन ओढत होते, माझ्या तोंडातून आवाज निघत होता, आणि तिकडे शिंगलाचा हात अर्धवट झुकून राहिला होता. धड आडवा नाही, धड खाली नाही. गाणं थांबलं. बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "बरा शकून नय गो हा." सुमनची आई रडायला लागली. बाबा पुढे होणार इतक्यात माझ्या हातांवर मागून दोन हात आले, ओले, कांद्याचा वास येणारे. हिरावहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "खांद्यानं नय गो, कमरंनं वढ." आणि तिनंच ओढला. हात खाड्कन खाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुमननं पदरातला नारळ काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि वहिनीच्या हातात दिला. बाबा केबिनच्या दारात उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "पारला! सुनंनं शिंगल पारला!"

झालं. खटका तिचा झाला. कुणी तसं बोललं नाही, पण पुढच्या पाठवणीला बाबा साखळी लावायला गेले आणि वहिनी आपसूक केबिनमध्ये. नंतर दोनतीनदा ती मला म्हणाली, ये, तुला शिकवते, सोपं असतं. मी म्हटलं, मला अभ्यास आहे. मॅट्रिकला मला इतके चांगले मार्क मिळाले त्याचं कारण लोकांना माझी हुशारी वाटते. शिकवायला ती नको होती, एवढंच.

काही वर्षांनी माझं ठरलं. मुलगा वाशीच्या एका ऑफिसात, नव्या सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट, घरात नळ. गावात तेवढ्यावरून माझं वजन वाढलं. साखरपुड्याच्या रात्री जेवणं झाल्यावर मी बाबांना ओटीवर गाठलं आणि म्हटलं, मला दागिना नको, भांडी नकोत, एकच पाहिजे. माझा शिंगल तुमी टाकायचा. तुमी स्वतः. वहिनीनं केबिनमध्ये पाय ठेवायचा नाही. बाबांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. मीच टाकन." आत वहिनी भांडी घासत होती, तिचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला. तिनं ऐकलं असणार. ऐकू दे, असंच मला वाटलं.

आणि लग्न चार दिवसांवर आलेलं असताना भंगारवाल्या ठेकेदाराची माणसं ट्रक घेऊन आली. नव्या रस्त्यासाठी भराव हवा होता म्हणे, रूळ उपटायचे होते. ज्या हुकुमाची इतकी वर्षं कुणाला आठवण नव्हती, तो माझ्या हळदीच्या तोंडावर आला. बाबा मुकादमाच्या मागे मागे फिरले. लगीन हाय पोरीचं, चार दिस थांबा. मुकादम उत्तरेकडचा, पण माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "खंबा और पटरी बाद में ले जाएँगे, क्रेन आने दो. बाकी सामान आज ही जाएगा." केबिनमधला खटका त्यांनी मुळापासून कापला. गॅसची निळी ज्योत भिंतीवर हलत होती. तार गुंडाळली, कप्पे काढले, शिंगलाच्या पायथ्याची वजनं काढली. ट्रक गेल्यावर बाबा केबिनमध्ये जाऊन बसले. जमिनीत नुसतं एक चौकोनी भोक होतं. मी दारात उभी राहिले. ते म्हणाले, "काय वढू गो, नंदा?" शिंगलाची रचनाच अशी असते की तार नसली, वजन नसलं, तरी हात आपोआप आडवाच राहतो. बिघाड झाला तर गाडी थांबावी, जाऊ नये, म्हणून.

पाठवणीच्या दुपारी मी फाटकापाशी आले. रूळ अजून होते. मागे गाव, पुढे भराव, आणि लांबवर तो लाल हात आडवा. धवळारणीचं गाणं अडलं. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "माज्याच पोरीला रस्ता नय मिलाला." दादा म्हणाला, या जुन्या गोष्टी झाल्या, रस्त्यानं जाऊ, टेम्पो इकडे बोलावतो. मी खाली बसले. शालू, मुंडावळ्या, हिरवा चुडा, सगळ्यासकट रुळांवर बसले. आत्या गेली, सुमन गेली, आळीतली प्रत्येक पोर गेली शिंगल पडून, आणि मीच काय ती बिनशिंगलाची? माझ्या नवऱ्याला काही कळेना. तो सारखा घड्याळ बघत होता.

तेवढ्यात गर्दीतून हिरावहिनी बाहेर पडली. मला वाटलं, समजूत घालायला येतेय. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चपला काढल्या, जरीचं लुगडं गुडघ्यावर खोचलं, आणि भरावावरून तरातरा चालत शिंगलापाशी गेली. शिडीला हात घातला. दादा ओरडला, "हिरा, येरी झालीस का?" ती वर. खांब हलत होता, गजऱ्यातली फुलं खाली पडत होती. टोकाला पोचल्यावर तिनं एक हात शिडीत अडकवला आणि दुसरा हात, आणि खांदा, आणि सगळं अंग त्या लाल हातावर टाकलं. किर्र करून असा आवाज आला की मागच्या आंब्यावरचे कावळे उडाले. हात खाली आला. आणि ती वर तशीच ओणवी, तो दाबून धरून.

बाबा केबिनमध्ये धावले आणि हिरवा बावटा घेऊन आले. कधीकाळचा विटलेला. शिंगलाखाली जाऊन ताठ उभे राहिले, बावटा पुढे धरून, आणि लहान पोरासारखे रडत होते. बेंजोवाले सुरू झाले. मी उठले आणि चालले. आणि चालताना माझ्या लक्षात आलं की एकही माणूस माझ्याकडे बघत नाहीये. सगळ्या माना वर. पोरं शिट्ट्या मारतायत, बायका तोंडावर हात ठेवून वर बघतायत, फोटोग्राफर उकिडवा बसून वरचे फोटो काढतोय. माझा नवरासुद्धा आ वासून वर. त्याला आजही कुणी लग्नाचं विचारलं तर तो सांगतो, "आमच्या लग्नात वहिनी सिग्नलवर चढल्या होत्या." शालूचा रंग विचारा, आठवत नाही. मी शिंगलाखालून गेले तेव्हा मीही मान वर केली, आणि त्याच वेळी मनात आलं, आजच्या दिवशीसुद्धा हिनं मला पुढे होऊ दिलं नाही.

टेम्पोत बसल्यावर मी मागे पाहिलं. गाडी गेली की हात वर करायचा, हा पहिला नियम. नवऱ्या मुलींच्या बाबतीतही बाबा तो पाळायचे, नवरी शिंगल ओलांडून गेली की खटका परत. पण हात खालीच होता. टेम्पो सुरू झाला, खाजणाच्या वळणाला आला, तरी खालीच. वर वहिनीचं हिरवं लुगडं दिसत होतं. वळणानंतर काही दिसलं नाही.

परवा उरणला गावी गेले होते. दादा नाही आता. वहिनी लेकाकडे असते. भरावाच्या जागी कंटेनरचा रस्ता झालाय, ट्रकांच्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागतं. तिचा उजवा खांदा गेलाय, हात वर होत नाही. दुपारी जेवणं झाल्यावर मी तिच्या खांद्याला तेल लावायला बसले आणि इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं. म्हटलं, मी गेल्यावर तू हात सोडला का नाहीस? तिनं पदर खांद्यावरून बाजूला सारला. मग म्हणाली, "तू मान वलवून बगशील, म्हाईत होतं मना. मी पन बगितलंतं, तुमच्याकरं येताना. मांगं सगला बंद दिसला. म्हनून सोरला नय." मी तेलाची वाटी उगीचच जवळ ओढली. ती पुढे म्हणाली, "आनि एक सांगू? मना तुजा लय हेवा वाटं. गावच्या लेकींना शिंगल परं, त्यांना बापूस हाका मारून धारी. मी मोऱ्याशून निंगलू तं कोनी दारात पन उबा नव्हता. खटका वढताना दर टायमाला पोटात जलं माज्या. तुज्या लग्नात तं लयच."

म्हणजे ती. माझ्यावर. इतकी वर्षं. मला इतका आनंद झाला की मी तो लपवूसुद्धा शकले नाही, हसायलाच लागले. ती चिडली, मग तीही हसली, तेच जुनं खळखळ हसणं, आणि दोघींच्याही डोळ्यांना पाणी आलं. मी पुन्हा तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चोळायला लागले. तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाली, "जरा जोर लाव. खांद्यानं नय गो, कमरंनं."

मी गुडघ्यांवर उठून बसले आणि कमरेनं जोर लावला.